सगळंच अर्जंट असताना बॅकलॉगचा क्रम कसा लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या एका छोट्या कंपनीत तुम्ही नुकतेच प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी करायचं ते ठरवणारी व्यक्ती) झाला आहात. सॉफ्टवेअर द्राक्षाच्या पॅकहाउससाठी आहे. बागेतून माल आला की वजन, प्लॉटची नोंद, ग्रेडिंग, पॅकिंग, कंटेनरची कागदपत्रं आणि शेवटी शेतकऱ्याचा हिशोब, एवढं त्यात येतं. तुमचा बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, जिरा या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यात साडेतीनशेच्या वर नोंदी पडून आहेत आणि निम्म्यांवर ‘हाय’ लिहिलेलं आहे. सेल्सवाले ग्राहकाला शब्द देऊन मोकळे होतात, मालक स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) चालू असताना फोन करून काम बदलतात, आणि डेव्हलपर म्हणतात रिक्वायरमेंटच धड कळत नाही. आता ऑगस्ट चालू आहे, हंगाम जानेवारीत. अशा वेळी क्रम लावायच्या पद्धतींपैकी मॉस्को वापरावं, राइस वापरावं की आणखी काही?

पद्धत कोणती हे मी नंतर सांगेन, कारण तुमची अडचण पद्धतीची आहे असं मला वाटत नाही. ‘हे किती महत्त्वाचं आहे?’ असं विचारलं की प्रत्येक जण ‘खूप’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. त्याच्या कामापुरतं ते खरंच खूप महत्त्वाचं असतं. म्हणून प्रश्नच बदला. प्रत्येक नोंदीपुढे विचारा: हे महिनाभर उशिरा मिळालं तर कोणाचं, काय आणि किती बुडेल? याला ‘खूप’ असं उत्तर देता येत नाही. रुपये सांगावे लागतात, तारीख सांगावी लागते, नाहीतर गप्प बसावं लागतं. प्रॉडक्ट डेव्हलपमेंटवर लिहिणारे डॉन रायनर्टसन यांनी उशिराच्या किमतीचा हा विचार फार ठामपणे मांडला आहे. एकच गोष्ट मोजणार असाल तर ही मोजा, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांच्या कामात मला याहून उपयोगी प्रश्न सापडलेला नाही.

तुमच्या धंद्यात तर त्याचं उत्तर काढणं सोपं आहे, कारण द्राक्षाचं वेळापत्रक कोणाच्या स्प्रिंटसाठी थांबत नाही. ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी), जानेवारीपासून एप्रिलपर्यंत काढणी, आणि निर्यातीची खरी धांदल फेब्रुवारी-मार्चात. काढणीच्या आधी प्लॉटचा नमुना रेसिड्यू तपासणीला, म्हणजे फवारलेल्या रसायनांचे अंश किती उरले ते बघायला, लॅबकडे जातो. म्हणजे लॅबचा अहवाल प्लॉटला जोडायची सोय डिसेंबर संपायच्या आत ग्राहकाच्या हातात हवी. तीच सोय मार्चअखेर दिलीत तर या हंगामापुरती ती कुचकामी, उपयोग थेट पुढच्या वर्षी. शेतकऱ्याच्या अंतिम हिशोबाचं तसं नाही. उचल, वजावट, बाकी हे सगळं पैसे सुटायच्या वेळी लागतं, तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिलं तरी कोणाचं अडत नाही. आणि ‘हंगामाचा आढावा’ दाखवणारा तो रंगीत डॅशबोर्ड? हंगाम संपल्यावर, मे महिन्यात बघायची ती गोष्ट. पण यादीत तो सगळ्यात वर असतो, कारण मिटिंगमध्ये दाखवायला तो सगळ्यात छान दिसतो.

कानबान या काम हाताळायच्या पद्धतीत डेव्हिड अँडरसन यांनी कामाचे चार वर्ग सांगितले, ते इथे चपखल बसतात. पहिला वर्ग हातातलं सगळं टाकून करायच्या कामाचा: वजनकाट्याचं रीडिंगच येत नाही आणि गेटवर गाड्या उभ्या आहेत. दुसरा ठरलेल्या तारखेचा: रेसिड्यू अहवाल. तिसरा नेहमीचा: आज दिलं तर आजपासून फायदा, उद्या दिलं तर उद्यापासून. चौथा वर्ग आज न केल्याने काहीच बिघडत नाही, पण एक दिवस सगळं एकदम अंगावर येतं, असल्या कामांचा.

या चौथ्या वर्गाकडे सगळेच काणाडोळा करतात, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहितो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशांवरून युरोपात भारतीय द्राक्षांचा माल नाकारला गेला होता, हे नाशिक-निफाड पट्ट्यातला कोणताही जुना निर्यातदार तुम्हाला सांगेल. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही माग काढण्याची यंत्रणा २००६ पासून होती. कोणता माल कोणत्या प्लॉटचा हे कळत होतं, तरीही एका रसायनाने अख्ख्या हंगामाचं गणित बिघडवलं. आता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये रसायनांची यादी आणि त्यांच्या कमाल मर्यादा कोडमध्येच लिहून ठेवलेल्या असतील, तर उद्या मर्यादा बदलल्या की नवं व्हर्जन काढावं लागेल, तेही भर फेब्रुवारीत. ती यादी ग्राहकाला स्क्रीनवरून बदलता यावी, ही मागणी कोणताही ग्राहक आपण होऊन करत नाही. ती तुम्हीच बॅकलॉगमध्ये घालायची आणि तुम्हीच तिच्यासाठी भांडायचं. दर स्प्रिंटमधला साधारण पाचवा हिस्सा मी अशा कामांना आणि जुन्या दुरुस्त्यांना राखून ठेवतो, आणि त्या हिश्शाला कोणालाही हात लावू देत नाही.

नेहमीच्या कामांचा क्रम लावायला थोडं अंकगणित पुरतं. समजा ‘अ’ या कामाला उशीर झाला तर ग्राहकांचं मिळून आठवड्याला २ लाखांचं नुकसान होतं आणि ते करायला ४ आठवडे लागतात. ‘ब’ चं नुकसान आठवड्याला १ लाख आणि काम १ आठवड्याचं. सगळे म्हणतील आधी ‘अ’, कारण आकडा मोठा. हिशोब करून बघा. आधी ‘अ’ केलं तर ‘अ’ चे ४ आठवडे म्हणजे ८ लाख, आणि ‘ब’ पाचव्या आठवड्यात संपणार म्हणजे ५ लाख, एकूण १३. आधी ‘ब’ केलं तर ‘ब’ चा १ लाख, ‘अ’ पाचव्या आठवड्यात संपणार म्हणजे १० लाख, एकूण ११. तेवढीच माणसं, तेवढंच काम, फक्त क्रम बदलला आणि दोन लाख वाचले. उशिराची किंमत भागिले कामाचा कालावधी, ज्याचं उत्तर मोठं तो आधी. याच भागाकाराला डब्ल्यूएसजेएफ (वेटेड शॉर्टेस्ट जॉब फर्स्ट) असं भारदस्त नाव आहे. ठरलेल्या तारखेच्या कामांना मात्र हे सूत्र लावू नका. त्यांच्यासाठी तारखेपासून मागे मोजत यायचं आणि ‘कधी सुरू केलं नाही तर हुकेल’ तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवायचा.

आता तुम्ही विचारलेल्या पद्धती. मॉस्को ही १९९४ मध्ये डाय क्लेग यांनी ओरॅकलमध्ये असताना काढली: असलंच पाहिजे, असायला हवं, असलं तर बरं, आणि या वेळी नाही. लोक पहिला कप्पा भरभरून ठेवतात आणि चौथा रिकामा, मग पद्धत चालत नाही म्हणतात. डीएसडीएम या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीने ती स्वीकारताना एक मर्यादा सांगितली आहे: ‘असलंच पाहिजे’ या कप्प्यात एकूण मेहनतीच्या साठ टक्क्यांहून जास्त काम नको. एवढी एक अट पाळलीत तर मॉस्को उत्तम चालतं. पहिल्या कप्प्यात काही टाकण्याआधी विचारा की हे नसेल तर एक जानेवारीला पॅकहाउस आपलं सॉफ्टवेअर वापरायचं थांबवेल का? वहीत लिहून दोन महिने काढता येत असतील तर ते पहिल्या कप्प्यातलं नाही.

राइस ही इंटरकॉम कंपनीतून आलेली पद्धत. किती लोकांपर्यंत पोचेल, किती फरक पडेल, आपल्याला किती खात्री आहे, यांचा गुणाकार करून मेहनतीने भागायचं. लाखो वापरकर्ते असलेल्या ॲपला ती शोभते. तुमच्याकडे काट्यावरचे सुपरवायझर शेकड्यांनी आणि पैसे देणारे निर्यातदार मोजके. ‘किती लोकांपर्यंत’ या आकड्याने तुमची दिशाभूल होईल. शिवाय चार अंदाजांचा गुणाकार-भागाकार केला की दशांश चिन्हापर्यंत उत्तर येतं आणि ते खरं वाटायला लागतं. त्यातला ‘खात्री किती’ हा रकाना तेवढा उचला. ज्या कामाबद्दल खात्री कमी, ते आधी एका पॅकहाउसमध्ये कागदावर करून बघा.

नोरिआकी कानो यांचं ग्राहकाच्या समाधानाबद्दलचं १९८४ चं मॉडेल मी क्रम लावायला वापरत नाही, पण ग्राहकाशी बोलताना डोक्यात ठेवतो. काही गोष्टी असल्या तर कोणी कौतुक करत नाही, नसल्या तर शिव्या बसतात. नेट गेल्यावरही वजनाची नोंद होणं ही तुमच्याकडची तशी गोष्ट. दिंडोरी-निफाडच्या बाजूला रेंज जाते-येते. ही मागणी सर्वेक्षणात कोणी लिहिणार नाही, पण ती सोय नसेल तर पहिल्याच आठवड्यात सॉफ्टवेअर बंद पडेल.

डेव्हलपरना रिक्वायरमेंट कळत नाही, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात गंभीर भाग आहे, कारण जे काम नीट कळलेलंच नाही त्याचा क्रम लावून उपयोग काय? मागणी आपल्यापर्यंत येते ती बहुतेक वेळा उपायाच्या रूपात. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका पॅकहाउसकडून अशीच मागणी आली होती: ‘वजन एडिट करायचं बटण द्या.’ सेल्सने ‘हाय’ लावून पुढे पाठवलं. वरवर छोटं काम, पण आत गेलं की मोठं. वजन बदलता आलं की कोणी, कधी, का बदललं याची नोंद हवी, परवानग्या हव्यात, आणि त्या प्लॉटचा आलेला माल, पॅक झालेला माल आणि रिजेक्शन यांचा ताळमेळ पुन्हा घालायला हवा. निर्यातीच्या मालात हा ताळमेळ म्हणजे सगळ्याचा पाया.

सकाळी माल यायच्या वेळी काट्याजवळ उभं राहिल्यावर खरी गोष्ट दिसली. सुपरवायझर बारा-बारा क्रेट काट्यावर चढवून घ्यायचे, स्क्रीनवरचं निव्वळ वजन बघायचे, आणि शर्टाच्या खिशातल्या छोट्या डायरीत दुसराच आकडा लिहायचे. सॉफ्टवेअर रिकाम्या क्रेटचं वजन एकच धरत होतं, दीड किलो. पॅकहाउसमध्ये मात्र दोन प्रकारचे क्रेट फिरत होते, आणि नवे जाड क्रेट दोन किलोच्या घरात होते. बारा क्रेटला सहा किलोचा फरक. सुपरवायझर तो मनातल्या मनात वजा करत होते आणि संध्याकाळी हिशोबनीस डायरी आणि स्क्रीन समोर ठेवून डोकं धरून बसत होते. त्यांना वजन बदलायचं नव्हतंच. त्यांना क्रेटचा प्रकार निवडायचा होता. दोन पर्यायांची एक निवड त्या स्क्रीनवर आली आणि एडिट बटणाची मागणी कायमची मिटली.

म्हणून माझा आग्रह असा की यादीतल्या वरच्या दहा नोंदींसाठी तरी तुम्ही आणि एक डेव्हलपर, दोघांनी जाऊन ते काम प्रत्यक्ष होताना बघा. फोनवर विचारलं तर लोक उपाय सांगतात, शेजारी उभं राहिलं तर गरज दिसते. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये युजर स्टोरीचे (वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या मागणीचे) तीन भाग सांगितले होते: कार्ड म्हणजे लिहिलेली नोंद, संभाषण आणि पडताळणी. आपल्याकडे कार्ड तेवढं लिहिलं जातं. ‘एक सुपरवायझर म्हणून मला…’ हा साचा भरला की काम झालं असं वाटतं. साचा भरून अर्थ येत नाही, उदाहरणाने येतो. पडताळणी लिहिताना खरे आकडे घाला: ‘बारा जाड क्रेट, काट्यावर एकूण २१६ किलो, रिकाम्या क्रेटचं वजन २ किलो, तर प्लॉटच्या नावे १९२ किलो पडले पाहिजेत. पातळ क्रेट निवडले तर १९८.’ एवढं लिहिलं की डेव्हलपर, टेस्टर आणि सुपरवायझर तिघांच्या मनात एकच चित्र उभं राहतं. आठवड्यातून एकदा तासभर बसून पुढच्या दोन स्प्रिंटची कार्डं अशी तयार करा. त्यापलीकडची कार्डं एका ओळीचीच राहू देत. चार महिन्यांनी करायच्या कामाचे तपशील आज लिहिलेत तर तेव्हा पुन्हा लिहावे लागतील.

मोठ्या कामाचे तुकडे पाडताना आधी डेटाबेस, मग स्क्रीन, मग रिपोर्ट असे थर पाडू नका. तिन्ही थर संपेपर्यंत ग्राहकाच्या हातात काहीच पडत नाही. ‘निर्यातीची कागदपत्रं’ हे काम घ्या. त्याचा पहिला तुकडा म्हणजे एकच देश, एकच वाण, एका कंटेनरची पॅकिंग लिस्ट, पण वजनापासून छापील कागदापर्यंत पूर्ण. नेदरलँड्सला जाणाऱ्या थॉमसन या वाणापासून सुरुवात करा. रंगीत वाणं, मिश्र कंटेनर, दुसऱ्या देशांचे नमुने नंतर. कित्येकदा पहिल्या दोन तुकड्यांतच ग्राहकाचं बहुतेक काम भागतं आणि उरलेले तुकडे कोणी मागतच नाही.

आता त्या साडेतीनशे नोंदी. डिसेंबरअखेरपर्यंत दोन आठवड्यांचे स्प्रिंट कागदावर नऊ-दहा बसतात. गणपती आणि दिवाळी वजा करा, शेवटचे दोन आठवडे ग्राहकाकडच्या चाचणीला ठेवा, हातात उरतात सातेक. तुमची टीम एका स्प्रिंटमध्ये खरोखर किती कार्डं संपवते ते मागच्या तीन महिन्यांच्या नोंदींतून मोजा, इच्छेने ठरवू नका. समजा सहा. म्हणजे हंगामाआधी चाळीसेक कार्डं होतील. उरलेल्या तीनशे नोंदींचा क्रम आज लावणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. सहा महिन्यांत ज्याला कोणी हात लावला नाही आणि ज्याबद्दल कोणी विचारलंही नाही, ते सरळ बंद करा. गरज खरी असेल तर ती परत येते, आणि येताना जास्त स्पष्ट होऊन येते. सॉफ्टवेअर कसं बनवावं याबद्दलच्या २००१ च्या ॲजाइल जाहीरनाम्याच्या बारा तत्त्वांपैकी एक तर स्पष्टच सांगतं की जे काम करावं लागलं नाही ते जास्तीत जास्त वाढवण्याची कला म्हणजे साधेपणा. ग्राहकाला मात्र ‘पुढे बघू’ म्हणून लटकवत ठेवू नका. ‘या हंगामात होणार नाही’ असं स्वच्छ सांगा. शेतमालाच्या धंद्यातली माणसं नकार पचवतात, पण आशेवर ठेवून ऐन वेळी हात वर केलेले विसरत नाहीत.

सेल्स आणि मालक यांच्याशी वाद घालून काही होत नाही, व्यवस्था लावावी लागते. स्प्रिंटने काम करायच्या स्क्रम पद्धतीच्या गाइडमध्ये स्वच्छ लिहिलं आहे की प्रॉडक्ट ओनर ही एक व्यक्ती असते, समिती नसते. पण आपल्याकडच्या घरच्या कंपन्यांत मालकांचा शब्द अखेरचा असतो, हेही तितकंच खरं. त्यांना टाळू नका. दर सोमवारी सकाळी अर्धा तास मागून घ्या आणि त्यांच्यापुढे यादीतली वरची दहा कार्डं ठेवा, ओळीने, एकाखाली एक. दोन कार्डं एकाच नंबरवर ठेवायची नाहीत. साहेबांना क्रम बदलायचा असेल तर तिथे बदलू द्या, फक्त एक विचारा: ‘हे वर घेतो, मग यातलं खाली कोणतं जाऊ दे?’ कार्ड त्यांच्याच हाताने खाली सरकलं पाहिजे. अकरावं काम आत आलं की दहातलं एक बाहेर जातं, हे डोळ्यांनी दिसलं की मधले फोन कमी होतात. फोन आलाच तर पुढच्या सोमवारी पहिला नंबर त्याचा, असं सांगा. चालू स्प्रिंट मोडायचा तो गेटवर गाड्या अडल्या तरच.

सेल्सवाल्यांना तारीख न देण्याची सवय लावणं अवघड असतं, कारण समोरचा तारीखच मागतो. त्यांना एक पान द्या: पुढच्या सहा आठवड्यांत नक्की काय येतंय, हंगामाआधी काय येईल असं वाटतं, आणि काय येणार नाही. पहिल्या रकान्यातलं त्यांनी बिनधास्त सांगावं. तिसऱ्या रकान्यातलं कोणी विकून आलं तर ती पुढच्या सोमवारी मालकांसमोर बोलायची गोष्ट, डेव्हलपरच्या टेबलाजवळ जाऊन मांडायची नाही. आणि एका मोठ्या निर्यातदारासाठी म्हणून काही बनवायचं ठरलं, तर बाकीच्यांपैकी कोणाला ते लागेल हे आधी दोन-तीन ग्राहकांना विचारून घ्या. एकट्याचंच असेल तर त्याचे वेगळे पैसे लावा. पैसे लावले की मागणी किती खरी आहे ते लगेच कळतं.

जिरा बदलायची गरज नाही. त्यातला ‘हाय-मीडियम-लो’ रकाना मात्र बंद करून टाका, यादीतली जागा हाच क्रम. प्रत्येक कार्डावर दोन गोष्टी नव्याने लिहायला लागा: उशिराची किंमत एका वाक्यात, आणि ती कोणी सांगितली. काम ग्राहकाकडे गेल्यावर महिन्याभराने कार्ड पुन्हा उघडून बघा की ते खरंच वापरलं जातंय का. हे बघायची सवय लागली की कोणाचे अंदाज बरोबर येतात आणि कोण नेहमी फुगवून सांगतं, ते तुम्हाला आपोआप दिसेल, आणि पुढच्या वेळी त्यांच्या शब्दाला किती वजन द्यायचं तेही.

शेवटचं हंगामाबद्दल. शेतकऱ्याच्या हिशोबासारखं आधीच तारीख ठरलेलं काम सोडलं तर जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत नवं फीचर देऊ नका, फक्त दुरुस्त्या, त्याही पॅकिंगची रात्रपाळी सुरू व्हायच्या आत. त्या अडीच महिन्यांत प्रत्येक डेव्हलपरला आळीपाळीने एकेक दिवस पॅकहाउसवर पाठवा आणि सुपरवायझर कुठे अडतात, कुठे वहीत लिहितात तेवढंच टिपून आणायला सांगा. एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचा बॅकलॉग त्या टिपणांवरून नव्याने लिहायला घ्या.